बोट ठेवलेली जागा

त्या दिवशीही वकीलबाई नेहमीसारख्या नऊला ऑफिसात येऊन बसल्या आणि सासऱ्यांच्या नावाने नोटिसा लिहू लागल्या. ऑफिसचे काम दोन तऱ्हेचे. ज्यांची कर्जे थकली त्यांच्या मागे घेणेकऱ्यांच्या वतीने लागायचे, आणि ज्यांनी काही नवे घडवले त्यांची नावे, खुणा, नक्ष्या चोरांपासून राखायच्या. लिहायच्या सूनबाई, सही करायचे सासरे. बाहेरच्या पाटीवर सासऱ्यांचे नाव होते आणि त्याखाली मुलाचे, जो ऑफिसात फक्त जेवणाच्या वेळी उगवायचा. अकरा वर्षांत हे कुणालाच खटकले नव्हते. खरे सांगायचे तर वकीलबाईंनाही नाही.

दहाच्या सुमारास सासऱ्यांचे जुने मित्र आले. त्यांचा फरशांचा कारखाना होता. मागोमाग त्यांची धाकटी भावजय आली, मांडीवर जाड पिशवी घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसली. तिचा नवरा जाऊन सात वर्षे झाली होती.

कारखाना कर्जात बुडाला होता. कर्ज देणारी कंपनी यंत्रे उचलणार हे ठरलेच होते, पण आता तिची नजर नक्ष्यांवर गेली होती. गिऱ्हाईक त्या फरशा घ्यायचे ते त्यांवरच्या पानाफुलांसाठी. नक्ष्या गेल्या की कारखान्यात नुसती माती उरणार होती.

यावर कारखानदारांनी स्वतःच तोड काढली होती. नक्ष्या कारखान्याच्या नाहीत, भावजयीच्या आहेत, अशी नोंद करायची, म्हणजे कंपनीचा हात पोचत नाही. चार महिन्यांनी वादळ शमले की तिने दुसरा कागद करून त्या थोरल्या दिराला देऊन टाकायच्या. दोन्ही कागद एकदम केले तर बिंग फुटेल, म्हणून मध्ये चार महिने. या डोक्यालिटीवर स्वारी भलतीच खूश होती.

वकीलबाईंनी सांगितले की खोटे प्रतिज्ञापत्र त्या लिहिणार नाहीत. मग भावजयीकडे वळून त्यांनी विचारले, या नक्ष्या काढल्या कुणी? उत्तर दिराने दिले.

“काढल्यात तिनेच. म्हणून काय तिच्या झाल्या? स्वयंपाक करते म्हणून स्वयंपाकघर तिच्या नावावर होतं का?”

सासरे मनमोकळे हसले. भावजयीने पिशवीतून आलेखाच्या वह्या काढून टेबलावर ठेवल्या. चौदा वर्षांच्या वह्या होत्या. प्रत्येक नक्षीत एक पान उलटे काढलेले होते. मुलगी झाली तेव्हापासून काढते, ती म्हणाली, कुणाच्या लक्षात आलं नाही. पगार कधी मिळाला होता का? नाही. काही लिहून दिले होते का? नाही. घरातल्या बाईचे नाव मालकीच्या किंवा पगाराच्या कागदावर आणायचे नाही, ही त्या घराची रीत होती, आणि त्या रीतीचा त्यांना अभिमानही होता. म्हणजे कायद्याने नक्ष्या पहिल्यापासून तिच्याच होत्या. जे खरे होते ते खरे म्हणायला ते घर चौदा वर्षांनी तयार झाले, तेही जप्ती दारात आल्यावर. असल्या घरांना प्रतिष्ठित म्हणतात, आणि आपण त्यांच्याकडे सोयरिकी जुळवतो.

“हा कागद होईल, कारण तो खरा आहे,” वकीलबाई म्हणाल्या. “पण परत द्यायचं वचन मी लिहिणार नाही. ती लबाडी होईल. नोंद झाली की नक्ष्या यांच्या. पुढे काय करायचं ते याच ठरवतील.”

“वचन लेखी हवंय कुणाला? घरातलीच तर आहे.” प्रतिज्ञापत्र लिहून होताच कारखानदारांनी ते ओढले, शपथेखाली आपली सही केली आणि शेवटच्या ओळीखाली बोट ठेवले. “इथे कर.”

भावजयीने पेन उचलले. लग्न झाल्यापासून ती अशीच बोट दिसेल तिथे सही करत आली होती.

“आधी वाचा,” वकीलबाई म्हणाल्या.

कारखानदार घड्याळ बघत राहिले. तिने एकेक ओळ वाचली, वीस मिनिटे लावली, मग सही केली आणि एक प्रत मागून घेतली. त्या प्रतीकडे कुणी लक्ष दिले नाही.

चार महिन्यांनी नोंद पक्की झाली आणि कंपनीला नक्ष्यांवरून हात काढावा लागला. दुसऱ्याच आठवड्यात कारखानदार दुसरा कागद कुठूनसा टाईप करून घेऊन आले. भावजय त्याच खुर्चीत बसली होती. या वेळी तिच्या हातात पिशवी नव्हती. मध्यंतरी थोरल्याच्या मुलाचे लग्न ठरले होते आणि तिची खोली त्याला द्यायची होती. तिने आणि मुलीने भट्टीमागच्या गोदामात राहायचे, असे घरात तिला न विचारताच ठरले होते.

“इथे,” दीर म्हणाले. बोट जागेवर होते.

तिने कागद वाचला. घडी घातली आणि त्यांच्यापुढे ठेवला.

“नाही भावोजी.”

“काय नाही?”

“सही नाही करणार. माझ्या आहेत त्या. तुम्हीच तसं शपथेवर सांगितलंय.”

ते उठून उभे राहिले. खाल्ल्या घराचे वासे मोजतेस, म्हणाले. भावाचे नाव मातीत घातलेस, म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले, “आज घरात पाऊल कसं ठेवतेस तेच बघतो.”

“नाही ठेवणार. मुलीला सकाळीच मैत्रिणीकडे पोचवलं. वह्याही.”

ती शांतपणे निघून गेली. कारखानदार आता सासऱ्यांवर ओरडू लागले, आणि सासऱ्यांनी तो सगळा राग सुनेकडे वळवला. तिला फूस लावलीस, घरची मैत्री घालवलीस. आता बस आणि तिने दिराला फसवले असा दावा लिही, आजच्या आज.

“त्या बाईंच्या विरुद्ध मी लिहिणार नाही, बाबा,” वकीलबाई म्हणाल्या. “लिहायचा तर तुम्ही लिहा.”

“लिहितो. तुझ्यावाचून अडलंय का?”

सासऱ्यांनी कोरा कागद घेतला, चष्मा पुसला, पेनाचे टोपण काढले. कारखानदार वाट बघत होते. बराच वेळ कागद कोराच राहिला. शेवटी नमुना बघावा म्हणून त्यांनी कपाटातली एक जुनी फाईल काढली, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येकीत पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत सुनेचे अक्षर होते, आणि तळाशी त्यांची सही.