शनिवारच्या गोळ्या

सौंदडच्या दवाखान्यात संधिवाताच्या रोग्यांचं रजिस्टर रचना सिस्टरकडे होतं. रुक्माबाईच्या नावापुढे तिने लिहून ठेवलं होतं, ‘गोळ्या नियमित घेत नसावी.’ दर शनिवारी घ्यायच्या गोळ्या वर्षभर चालू होत्या, तरी बोटांची सूज उतरत नव्हती. रचनाला दुसरं कारण सुचलं नाही. रुक्माबाईचा मुलगा लोकेशही म्हणे, “आई इसरते, सिस्टर. कबूल नाही करत, पण इसरते.”

“मी नाही इसरत,” रुक्माबाई एवढंच म्हणायची. साठीची बाई. उभा जन्म धानाच्या बांधीत वाकून रोवणी करण्यात गेलेला. आता तिला भातही धड कालवता येत नव्हता.

त्या हिवाळ्यात नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी नवी तपासणी सुरू केली. बोटाला टोचायचं, जाड कागदाच्या कार्डावरच्या चार गोलांत रक्ताचे थेंब घ्यायचे आणि वाळवून टपालाने पाठवायचे. गेल्या कित्येक आठवड्यांत शरीरात औषध किती मुरलं, ते त्या थेंबांतून कळतं. आता खरं-खोटं होईल, असं मनाशी म्हणत रचना कार्ड घेऊन रुक्माबाईच्या घरी गेली.

“काऊन, मी गोळ्या घेतो का नाही, ते पाहून राहिली का?” रुक्माबाईने सरळ विचारलं.

रचनाला खोटं बोलवेना. “हो, काकू.”

“मंग घे.” तिने हात पुढे केला.

पहिल्या टोचणीला रक्तच आलं नाही, इतकी कातडी राठ. रचनाने कोमट पाणी मागवलं, हात त्यात बुडवला, पुसला. सुजलेलं बोट धरून तिने सुई हलकेच टेकवली.

“जोरानं टोच वो. रोवणीच्या हाताले सुईचं का भेव!”

थेंब आला. कार्डावरचे चारही गोल भरेपर्यंत रुक्माबाईने दुसऱ्या हाताने आपलं मनगट घट्ट दाबून धरलं.

तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. “रुक्माबाईंच्या रक्तात औषध पुरेपूर आहे. इतक्या नेमाने गोळ्या घेणारे रोगी मला थोडेच भेटलेत. त्या चुकत नाहीत, औषधच कमी पडतंय. जोडीला दुसरं देऊ.”

रचना तशीच उठून रुक्माबाईच्या घरी गेली. लोकेश घरीच होता. त्याच्या देखत तिने सगळं सांगितलं आणि म्हणाली, “काकू, मीही तुमच्यावर संशय घेतला. चुकलंच माझं.” लोकेश खाली मान घालून उभा राहिला.

“दर रविवारी मळमळे,” रुक्माबाई म्हणाली. “अन्न गोड नाही लागे. तरी शनिवार नाही चुकवला. शेजारच्या नंदाबाईच्या पोरीच्या लग्नाले गेली, तं गोळ्या पदराले बांधून नेल्या.”

“मग आम्हाला सांगितलं का नाही?” रचनाने विचारलं.

“सांगतलं तं, मी नाही इसरत! तुमी आयकलं का?”

रचनाने रुक्माबाईचा हात हातात घेतला. तिला ठाऊक असलेल्या माणसांत एवढी नेटाची बाई दुसरी नव्हती.

नव्या औषधाने हळूहळू फरक पडला. मार्चमध्ये रचना त्या गल्लीतून जात होती, तेव्हा हापशीवरून रुक्माबाई पाण्याची बादली घेऊन येताना दिसली. लोकेशने धावत जाऊन बादली धरली.

“सोड,” ती म्हणाली. “माही मले नेता येते.”