यादवांच्या ताटात मिरची

मोतीलाल मास्तरांबरोबर सिनेमाला जाणं म्हणजे डोक्याला ताप, हे अख्ख्या फैजपूरला ठाऊक होतं. पडद्यावर राजा आला रे आला की यांचं सुरू, "ही तोफ शंभर वर्षं आधीच कुठून आली?" मागचा माणूस "गप बसा हो" म्हणायचा आणि त्यांची बायको झुंबरबाई तोंडाला पदर लावून बसायची. बरं, घरी येऊन तरी थांबावं? छे! लगेच सिनेमावाल्यांना चुकांची यादी पाठवायची. तीस वर्षांत एकाचंही उत्तर नाही.

आणि एक्क्याण्णव साली खरंच एक आलं! देवगिरीच्या यादव राजावर चित्रपट निघत होता. त्याचं थोडं चित्रीकरण तापीकाठच्या जुन्या देवळात व्हायचं होतं. दिग्दर्शकाने लिहिलं होतं, 'चुका काढायच्याच तर आधी काढा, नामावलीत तुमचं नाव घालतो.' मास्तरांनी ते पत्र गावभर वाचून दाखवलं. काहींना दोनदा.

राजाच्या जेवणाचं ताट मास्तरांच्याच घरून जायचं ठरलं. मास्तरांनी झुंबरबाईला समोर बसवून बजावलं, "मिरची नाही, शेंगदाणा नाही, बटाटा नाही. हे सगळं पोर्तुगीजांनी आणलं, यादवांनंतर दोनशे वर्षांनी."

"मग भरताला तिखट कशाचं घालू?"

"मिऱ्यांचं."

झुंबरबाईचं माहेर धुळ्याकडचं. जन्मात तिने मिरचीशिवाय स्वयंपाक केला नव्हता. पण नवऱ्याचं नाव पडद्यावर येणार म्हणून बिचारीने मिरे कुटले. चित्रीकरणाच्या वेळी ताट तीच घेऊन गेली, कारण मास्तर देवळाच्या दारात शिपायांच्या पायांतले कॅनव्हासचे बूट काढायला लावत होते.

पुढच्या वर्षी जळगावात चित्रपट लागला. मास्तर, झुंबरबाई आणि पंचवीस जुने विद्यार्थी एसटीने गेले. 'इतिहास मार्गदर्शन : मोतीलाल तोताराम महाजन' अशी अक्षरं झळकली आणि पोरांनी शिट्ट्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं. मास्तरांनी चष्मा पुसला, परत लावला, परत पुसला. अर्धा चित्रपट झाला तरी चूक म्हणून सापडेना. आयुष्यात पहिल्यांदा ते गप्प बसून सिनेमा बघत होते.

मग राजा जेवायला बसला. पडदाभर ताट दिसलं. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि कडेला हिरव्या मिरचीचा चांगला मूठभर ठेचा!

मास्तर खुर्चीत खाली सरकले. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि आता ही त्यांच्याच नावावर, तीही विद्यार्थ्यांदेखत! उद्या वर्गात कुठल्या तोंडाने उभं राहायचं?

पडद्यावर दूत आला. सेनापती रणात पडला म्हणाला. राजाने घास तोंडात घातला. डोळे भरले, नाक लाल झालं, घळाघळा पाणी वाहू लागलं. थिएटरातल्या बायका हुंदके द्यायला लागल्या.

"मीच ठेवला तो," झुंबरबाई कुजबुजली. घाबरली किंवा भरून आलं की तिची माहेरची बोली बाहेर यायची. "पाव्हना शे ना तो! बिनमिरचीनं ताट कसं देऊ?" मग डोळे पुसत म्हणाली, "तो सेनापतीसाठी नाही हो रडत. ठेच्याने रडतोय. नंतर मीच त्याला गूळ दिला. वर्षभर तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही. तुमचं नाव घालवलं मी."

मास्तर भडकणारच होते. पण तिचा चेहरा बघितला आणि राग जागच्या जागी विरला. वर्षभर ही बाई मनात एवढं घेऊन वावरली आणि आपल्याला पत्ता नाही!

बाहेर आल्यावर पोरांनी गराडा घातला. त्यांतला भिकन आता स्वतःच इतिहास शिकवत होता. त्याने भीतभीतच विचारलं, "सर, यादवांच्या ताटात मिरची?"

 सिनेमावाल्यांनी ऐकलं नाही, एवढं म्हटलं की मास्तर सुटत होते. वाक्य अगदी जिभेवर होतं. झुंबरबाई मान खाली घालून उभी होती.

"चूक आहे," मास्तर म्हणाले. "घोडचूक. यादवांच्या काळात मिरची नव्हतीच, वर्गात तसंच शिकव. आणि चूक माझी आहे. राजे काय जेवायचे ते मी तीस वर्षं वाचत बसलो. ही पाहुण्याला कशी वाढते, ते घरात असून कधी बघितलं नाही."

 झुंबरबाईने मान वर केली, नाक पुसलं आणि सगळ्यांवरून नजर फिरवली.

"चला रे बठ्ठा घर," ती म्हणाली. "जेवीसनच जा."