पाहुण्यांची खोली

वारज्यातल्या त्या फ्लॅटला कागदोपत्री दोन बेडरूम होत्या. एकीत सत्यशीला आणि श्यामसुंदर झोपत. दुसरीत गाद्या झोपत. अहो, खरंच! भिंतीला लागून छतापर्यंत गाद्यांची चळत, तिच्यावर रजया, चादरी, उशा, पलीकडे पोत्यात बांधलेली स्टीलची ताटं आणि दाराशी गुंडाळलेल्या सतरंज्या. खिडकी उघडायची तर आधी उशांची परवानगी घ्यावी लागे. श्यामसुंदर त्याला गोदाम म्हणत. सत्यशीलेच्या तोंडी मात्र ती पाहुण्यांची खोली होती, आणि तिच्यापुढे बोलायची त्या घरात कुणाची टाप होती?

एके काळी पाहुणे खरोखरच येत, हेही सांगायला हवं. श्यामसुंदर खडकीला दारूगोळा कारखान्यात होते, राहायला क्वार्टर. नव्वदनंतर कॉम्प्युटरच्या कंपन्या पुण्यात येऊ लागल्या आणि या दोघांच्या गावाकडची, वर्ध्याकडची पोरं डिग्री काखेत मारून निघाली. पुण्यात ओळखीचं कोण? तर सत्यशीला मावशी. पुढे वारज्याला फ्लॅट घेतला, तेव्हा मागची खोली तिनं पोरांसाठीच सोडली. कुणी मुलाखतीपुरता येई, कुणी नोकरी लागेपर्यंत राही. योगेश म्हणून एक होता, तो तर पावसाळा आणि हिवाळा काढूनच गेला. नोकरी लागली की पोरं पेढे ठेवून पाया पडत. अख्ख्या वर्धा जिल्ह्याची मावशी झाली होती ती. चिडवायचं असलं की नवराही तिला मावशीच म्हणे.

मग पोरांना पगार आले, पगारामागून फ्लॅट आले. नवी पोरं परस्पर मित्रांच्या खोलीवर उतरू लागली. गेली कित्येक वर्षं त्या गाद्यांवर कुणी पाठ टेकली नव्हती.

"काढायचं का आता हे?" श्यामसुंदर अधूनमधून विचारत.

"अन् उद्या कुणी आलं म्हणजे?"

"हॉलमध्ये झोपेल."

"गावाकडचा कापूस आहे तो. असा पुण्यात भेटते काय? पावसाळा संपू द्या, ऊन दाखवते, मग पाहू."

पावसाळा संपला की दिवाळी. दिवाळीत कुणी येईल. मग थंडी, आणि थंडीत कुणी रजया काढून टाकतं का? उन्हाळ्यात तर लग्नसराई. बाईंचं वर्ष असं गच्च भरलेलं होतं.

एका संध्याकाळी पूर्वाचा फोन आला. पूर्वा ही त्यांची एकुलती एक लेक. हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, राहायला तिथंच मुलींच्या होस्टेलवर.

"आई, आमचं होस्टेल बंद होतंय. रविवारपर्यंत दुसरं फायनल करायचंय."

"मग घरी ये की! तुमच्या कंपनीची बस इथूनच जाते ना?"

"बस जाते गं. पण घरी राहू कुठे?"

"कुठे म्हणजे? खोली आहे ना."

"ती पाहुण्यांची आहे, आई."

पोरगी रागानं बोलली असती तर सत्यशीलेनं तिला तिथल्या तिथे झापलं असतं. पण ती अगदी सरळ म्हणाली, कुणाला पत्ता सांगावा तशी. फोन ठेवला आणि सत्यशीलेच्या काळजात चर्र झालं. आईबापाचं घर शहरात, आणि लेक परक्याच्या खोलीत भाड्यानं राहते! आता तिनं दुसरं होस्टेल धरलं की पुढे लग्न होईल, संसार होईल. घरी राहायची ती मग कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पदर खोचला आणि खोलीत घुसली. वरची गादी ओढली. ही अनिरुद्धची, झोपेत इंग्रजी बोलायचा तो. तिच्याखालची गावाकडच्या सुंदराबाईंच्या मुलाची, पोपटची; पहिल्या दिवशी घर आठवून रडला होता बिचारा. बाई गादीवर बसल्या त्या बसल्याच. श्यामसुंदर चहा घेऊन आले तेव्हा एकूण बाहेर निघालं होतं काय, तर उशांचे दोन अभ्रे.

"प्रगती आहे," ते म्हणाले.

झालं! बाईंचा बांध फुटला. "तुम्हाला हसू येते! विसरले काय आपले दिवस? क्वार्टर भेटलं नव्हतं तेव्हा खोलीसाठी किती फिरलो आपण. सगळं ठरायचं, मग आडनाव विचारायचे, अन् खोली कालच दुसऱ्याला दिलेली निघायची. तेव्हाच मी ठरवलं होतं, आपल्या पोरांना या शहरात कुणी दारातून परत पाठवणार नाही. आता या गाद्या काढल्या, तर मीही त्यातलीच झाले ना, खोली नाही म्हणणारी!"

श्यामसुंदर काही विसरले नव्हते. ते तिच्याशेजारी गादीवर बसले. मग म्हणाले, "असं कर, त्या योगेशला फोन लाव. येतो का विचार झोपायला."

तिनं लगेच लावला. आता येतोच म्हणेल पोरगा, मग दाखवते यांना!

"मावशी, खरं सांगू?" योगेश म्हणाला. "खूप यावंसं वाटतं. पण आलो की तुम्ही गादी घालता. मला घरी परतायचं असतं, तुम्ही हिरमुसता. म्हणून येणंच टाळतो मी. नुसतं जेवायला आलं तर चालेल?"

"चालेल काय विचारतोस, मेल्या! पण गादी..."

"आणि अजून एक आहे, मावशी. मी आलो त्या दिवशी पूर्वाचं टेबल त्या खोलीतून बाल्कनीत गेलं. दहावीचं वर्ष होतं तिचं. थंडीत शाल पांघरून अभ्यास करायची. ती काही बोलली नाही, मीही नाही बोललो. पण माझ्या डोक्यातून ते जात नाही."

सत्यशीलेला हे आठवतच नव्हतं. कोणत्या पोराला भाजीत तिखट किती लागतं, ते पाठ होतं. लेकीचं टेबल बाल्कनीत गेलेलं मात्र आठवत नव्हतं. तिला लाज वाटली. फोन कानाला तसाच धरून ती रडली, आणि मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "गाद्यांचं काय करू ते सांग."

तिकडून उत्तर तयारच होतं. योगेश सुट्टीच्या दिवशी एका वसतिगृहात शिकवायला जात असे. बाहेरगावची पोरं, नुसत्या सतरंजीवर झोपायची.

"मग इतके दिवस तोंड शिवलं होतं काय तुझं?" मावशी कडाडल्या.

शनिवारी टेम्पो आला. प्रत्येक गादीला ऊन दाखवलेलं, उसवलेल्या शिवणी घातलेल्या. दोन गाद्या तिनं मागे ओढून ठेवल्या. श्यामसुंदरांनी नुसतं पाहिलं.

"बरं, एक," ती म्हणाली.

टेम्पो वळणापलीकडे गेला, तेव्हा तिला वाटलं होतं तसं रडू काही आलं नाही. उलट भूक लागली. दोघांनी मिळून खोली धुतली, खिडकी सताड उघडली, बाल्कनीतलं टेबल पुसून जागेवर ठेवलं.

रविवारी पूर्वा जेवायला आली. खोलीच्या दारात थबकली. "कोणी येणारे का?"

"तू," सत्यशीला म्हणाली.

पूर्वा आत गेली, खिडकीशी उभी राहिली. डोळे पुसले, पण लगेच म्हणाली, "महिनाभर बघते." सत्यशीलेनं मुकाट्यानं मान डोलावली. आग्रह गिळणं किती कठीण असतं, ते तिला त्या दिवशी कळलं.

पूर्वा राहायला आली खरी, पण कपडे बॅगेतच ठेवायची. अंथरुणाची घडी घालून ठेवायची, फ्रीजसुद्धा विचारून उघडायची. सत्यशीलेचा जीव खालीवर व्हायचा. महिना संपत आला. एका सकाळी ती पोह्यांची ताटली घेऊन तडक आत शिरली. पूर्वा कानाला हेडफोन लावून कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होती.

"आई! दार वाजवून येत जा ना! कॉल चालूये माझा!" असं म्हणून तिनं आईला अक्षरशः बाहेर काढलं आणि आतून कडी लावली.

सत्यशीला ताटली घेऊन हॉलमध्ये आली. "पोरीनं मला तिच्या खोलीतून हाकललं."

"मग हसतेस काय?" श्यामसुंदर म्हणाले.

"इतकी पोरं राहून गेली, कुणी लावली कधी कडी? पाहुणे लावतच नाहीत जी!"

आणि पोहे निवायच्या आत ती परत गेली, आणि तिनं दार वाजवलं.