लव्हाळ्यातली वाट

रुकिगा मुलखातल्या दोन डोंगरांच्या कुशीत पसरलेल्या पाणथळीत त्या वर्षी क्रौंच पक्ष्यांच्या जोडीने पुन्हा घरटे केले, आणि त्याच दिवसापासून राखणदार रुबारेमाच्या डोळ्यांतली झोप उडाली.

घरट्यात तीन अंडी होती. परंतु अंडी मागील दोन वर्षांतही होती, आणि पिल्लू म्हणून एकदाही कोणाच्या दृष्टीस पडले नव्हते. एकदा पुराने घरटे नेले. दुसऱ्यांदा कोणी नेले, ते शेवटपर्यंत कळले नाही. त्यानंतर खोऱ्याच्या सभेने ठराव केला, की यंदाही पिल्लू न दिसल्यास चर खणून पाणी काढून द्यावे आणि ती भूमी बटाट्यांसाठी घरोघर वाटून टाकावी. सभेचा प्रमुख बाग्येंदा हा रुबारेमाच्या पत्नीचा सख्खा भाऊ. त्याने तर आपल्या वाटणीच्या तुकड्यासाठी बियाण्याचे बटाटे कोंब फुटावयास पडवीत पसरूनही ठेवले होते.

अशा स्थितीत राखणदाराच्या जिवाला स्वस्थता कशी लाभावी? रुबारेमा सकाळी एकदा आणि दिवस कलताना एकदा, गुडघाभर चिखल तुडवीत लव्हाळ्यातून आत जाई. घरट्यापासून वीस पावलांवर थांबून पक्षी बसलेला आहे एवढे पाही आणि परत फिरे. घराचा उंबरठा येईपर्यंत मनात पुन्हा शंकेची पाल चुकचुके.

"अंडी जणू तुम्हीच घातलीयत," त्याची पत्नी क्यारिसिमा म्हणाली. "ती आईसुद्धा एवढ्यांदा बघत नसेल."

तेविसाव्या दिवशी क्यारिसिमा डोंगराच्या वरच्या अंगाला ज्वारी खुरपीत होती. तिने हाक मारून त्याला वर बोलाविले आणि खाली बोट दाखविले. हिरव्यागार लव्हाळ्यामधून एक फिकट रेघ गेली होती. केसांत भांग पाडावा तशी ती सरळ होती, आणि जेथे ती संपत होती तेथेच घरटे होते.

"ही वाट कुणी पाडली?" त्याने विचारले.

"रोज दोनदा आत जाणारं दुसरं कोण आहे, तुमुसिमेचे बाबा?" क्यारिसिमा नेहमीप्रमाणे लेकराच्या नावाने त्याला हाक मारीत म्हणाली.

ज्या पायांनी रक्षण करावयाचे, त्याच पायांनी त्याने चोरांसाठी रस्ता बांधून दिला होता. तो धावतच खाली उतरला. वाटेच्या तोंडाशी, ओल्या चिखलात, त्याच्या स्वतःच्या पावलावर कुत्र्याचा पंजा उमटलेला होता. पंजा आत गेला होता. तो परतला की नाही, हे त्या तुडविलेल्या चिखलात उमगेना.

आत जाऊन पाहावे, तर वाट आणखी मळणार आणि माणसाचा वास कुत्र्याला पुढे पुढे ओढणार. न पाहावे, तर मन जागच्या जागी जळणार. त्याने एक पाय उचलला, तसाच थोडा वेळ धरला, आणि मागे घेतला. मग तो थेट बाग्येंदाच्या घरी गेला.

बाग्येंदा पडवीत बसून बटाटे उलटसुलट करीत होता. रुबारेमाने काहीही न लपविता सर्व हकीकत त्याला सांगितली, आणि खोऱ्यातील झाडून सारी कुत्री बांधून ठेवण्याचा हुकूम काढावा, अशी विनंती केली.

"म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं, भावोजी," बाग्येंदा हसत म्हणाला.

"हसून घे. पण सगळ्यांच्या आधी तुझी तीन शिकारी कुत्री बांध."

बाग्येंदाने हातातला बटाटा बराच वेळ फिरविला. "बांधतो," तो शेवटी म्हणाला. "जमीन मला हवीच आहे. पण कुत्र्यांनी जिंकून दिलेली नको. जन्मभर लोक म्हणायचे, हा बघा कुत्र्यांचा बटाटा." त्याच संध्याकाळी त्याने साऱ्या खोऱ्यासाठी तसा हुकूमही काढला.

दुसऱ्या दिवशी क्यारिसिमा चटया विणणाऱ्या बायांना घेऊन आली. लव्हाळ्याचा स्वभाव त्यांच्याइतका कोणास ठाऊक? कापलेल्या लव्हाळ्याच्या जुड्या चिखलात उभ्या रोवून त्यांनी वाटेचे तोंड बुजविले, आणि पाणथळीच्या दूरच्या टोकाला, जेथे काहीच नव्हते, तेथे चार खोट्या वाटा तुडविल्या. जाताना त्यांनी रुबारेमाला बजाविले, की यापुढे त्याने आत पाऊल टाकावयाचे नाही.

तेव्हापासून तो दिवसभर डोंगरावर बसे. सोबत आणलेली ज्वारीची आंबील तशीच वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात राही. एखादा क्रौंच उडून चरावयास जाताना दिसे, एखादा परत येई. परंतु त्यावरून घरट्यात काय आहे, हे कसे समजावे? कदाचित कुत्र्याने पहिल्याच दिवशी सारे संपविले असेल, आणि आपण रिकाम्या घरट्याची राखण करीत बसलो असू, हा विचार त्याला क्षणोक्षणी टोचे.

चौतिसाव्या दिवशी बाग्येंदा वर आला. पिल्ले निघावयाचे दिवस उलटून गेले होते आणि त्याला सभेला उत्तर द्यावयाचे होते. म्हणून आपण स्वतःच आत जाऊन पाहून येतो, असे त्याने सांगितले.

"मलाही रोज एवढंच वाटायचं," रुबारेमा म्हणाला, "की एकदाच बघून येऊ."

"आणि काहीच नसलं तर?"

"तर पहिली कुदळ मी मारीन. पण आज आत जाऊ नकोस. बस इथं."

बाग्येंदा कुरकुरत बसला.

ऊन कलल्यावर लव्हाळ्याच्या कडेला, वासरे चरून गेलेल्या आखूड गवतात, दोन्ही क्रौंच बाहेर आले. ते दोन पावले टाकीत, थांबत आणि माना खाली घालीत. रुबारेमाची दृष्टी अधू झाली होती. त्याला दोन पक्ष्यांपलीकडे काही दिसेना. बाग्येंदा मात्र गुडघ्यांवर उठला आणि कपाळावर हात धरून पाहत राहिला.

"एक," बाग्येंदा म्हणाला.

त्याने गवताची कड पुन्हा एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली.

"एकच. मुठीएवढं आहे, पिवळसर. दुसरं काही दिसत नाही, भावोजी."

रुबारेमाने तोंडावर दोन्ही हात घेतले. बाग्येंदाने सांगितले, की सभेत आपण स्वतः साक्ष देऊ. बटाटे काय, डोंगरावरही लागतील. मग त्याला आठवण झाली. अकरा दिवस बांधलेल्या कुत्र्यांनी घरोघर रडून रडून सारे खोरे डोक्यावर घेतले होते.

"आता कुत्री सोडू ना?"

"पिल्लू उडायला लागेपर्यंत नको."

"म्हणजे किती?"

"तीन महिने."

"तोवर खोरं मला जितं गाडेल," बाग्येंदा म्हणाला. पण तो उठून गेला नाही.

रुबारेमा हसला नाही. क्रौंच पुन्हा लव्हाळ्यात शिरले होते, आणि ते नेमके कोणत्या बाजूला वळले, हे त्याला दिसले नव्हते.