डोईचं कापड

वाशीमकडच्या मालेगावच्या जगदेवचं कीर्तनाचं वेड साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक. जऊळक्याला सप्ता बसला की कारखान्याचं शटर दिवेलागणीलाच खाली, आणि गडी गळ्यात टाळ अडकवून महाराजांच्या मागे उभा. कारखाना म्हणजे तरी काय, शिलाई मशिनींची एक लांबट खोली. भरतकामाला तांड्यावरच्या बंजारा बाया येत.

पुण्याच्या कंपनीनं मोबाईलवर नक्षीचा फोटो धाडला. लाल-निळे टाके, मधोमध आरसे, काठाला कवड्या. जगदेवनं कापड कापून बायांपुढे ठेवलं.

"घ्या, लागा कामाले!"

एकीनंही सुई उचलली नाही.

"काहून मुक्या बसल्या?"

दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या ल्यालेली झमकूबाई त्यांच्यात वडीलधारी. तिनं विचारलं, "याचं काय शिवून राह्यला तू?"

"पायपुसनं. दारात टाकाले."

"अरे, हे आमचं गळणं हाय! सणाले, लग्नात डोईवर, घागरीवर घेतो आमी. मायनं माह्यासाठी शिवलं, मी लेकीसाठी. अन् तू त्याच्यावर बूट पुसाले लावतं?"

"मावशी, मले काय ठाऊक? फोटो पुन्याहून आला."

"फोटो पुन्याहून आला, पन नक्षी तांड्यातून गेली ना? विचारलं कोनाले?"

मागून एकीनं टोमणा हाणला, "जगदेवभाऊ, तुह्या टाळाचं झाकन करू काय भाजीच्या गंजावर?"

बाया हसल्या, आणि हसत हसतच उठून गेल्या.

जगदेवला राग आला. ओळखीच्या वकिलाला फोन लावला. तो म्हणाला, जुनी नक्षी कोणा एकाच्या नावावर नसते, खुशाल छाप. मग काय! उद्या मशिनीवर काढू, असं ठरवून जगदेव जऊळक्याला गेला.

महाराजांनी अभंग असा काही रंगवला की मांडव डोलायला लागला. शेवटच्या चरणात संताचं नाव आलं आणि साऱ्यांचे हात जोडले गेले. जगदेवचा टाळ मात्र मधेच अडला. इतक्या पिढ्या अभंग गातात, कोणीही गावा, मालकी कोणाचीच नाही. पण नाव गाळून गायलेला आपण जन्मात ऐकला काय? ते नाव घ्या म्हणून कुठल्या कायद्यानं सांगितलं होतं? आणि आपण मात्र कायदा अडवत नाही म्हणून निघालो मशीन लावायला!

"जगदेवा, ताल!" शेजारच्या टाळकऱ्यानं कोपर मारलं.

सकाळीच तो तांड्यावर गेला. सोमला नायकानं लिंबाखाली नसाब, म्हणजे तांड्याची पंचायत बसवली. जगदेवनं कापलेलं कापड आधी कपाळाला लावलं.

"विचाराले आलो. उशीर झाला, पन आलो."

"उशिरा का होईना, कोनी आलं तर," सोमला म्हणाला. "आजवर सारे फोटोच काढून गेले."

दुपार कलेपर्यंत बोलणं चाललं. गळणं विकायचं नाही, यावर तांडा ठाम. पायपुसण्याऐवजी पिशव्या शिवायच्या तर त्यांना दुसरी नक्षी चालेल, पण प्रत्येक पिशवीवर तांड्याचं नाव हवं, आणि नक्षी बदलायची तर पुन्हा नसाबीत येऊन विचारायचं.

जगदेवनं कंपनीच्या वैष्णवी मॅडमना भीत भीत कळवलं. मागणी जाणार, असंच त्यानं धरलं होतं. पण बाई स्वतः आली, सतरंजीवर बसून तांड्याची माफी मागितली, पायपुसण्याचा बेत मोडला आणि पिशव्यांची अट मान्य केली. माणसात देव असतो तो असा!

तरी दिवाळीत वाशीमच्या एका दुकानात, दाराशीच, गळण्याच्या नक्षीचं पायपुसणं दिसलं. दुसऱ्याच कोणीतरी काढलेलं. झमकूबाईनं ते ओलांडलं नाही. बाहेरच उभी राहिली.

म्हणूनच, लोककला जपण्यासाठी कायद्यात करायच्या बदलांवर मतं ऐकायला सरकारी समिती वाशीमला आली, तेव्हा जगदेव तांड्याबरोबर गेला. झमकूबाईच्या डोईवर गळणं होतं.

समितीच्या साहेबांनी जगदेवला विचारलं, "तुम्ही तर स्वतःहून परवानगी घेतलीत. मग कायदा कशाला?"

"साहेब, मले टाळ वाजवता वाजवता अक्कल आली. साऱ्यायलेच येईन, असं नाई. ज्याले आतून वाटत नाही, त्याच्यासाठी कायदा पायजे. वापरायच्या आधी तांड्याले विचारलंच पायजे, अन् तांडा नाही म्हनला तर ते नाहीच."

साहेब गळण्याचे टाके पाहायला पुढे वाकले. हात कापडापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"हात लावून पाहू का, आजी?"

झमकूबाईनं मान खाली केली, कापड त्यांच्या हाताशी येईल इतकी.

"पाहा, बापू. विचारलं ना, आता पाहा."