माणूस असल्याचा पुरावा

“जिने असलेली सगळी चित्रं निवडा,” असं फोनने तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा लिफ्टवाल्यांनी तो टेबलावर आपटला. अर्थात बेतानेच आपटला, कारण हप्ते अजून चालू होते.

“सगळी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली, आणि हा मला जिने ओळखायला लावतोय!”

“हळू. फुटेल,” बायको म्हणाली. म्हणजे ओठ हलले आणि त्यामागून थोडी हवा आली. गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झाल्यापासून तिचं बोलणं असंच होतं. गाठ गेली हे नशीब समजा, असं डॉक्टर म्हणाले होते. स्वरयंत्राची एक नस दुखावली होती आणि तिला इलाज नव्हता.

हीच बाई वीज कंपनीच्या बिल भरायच्या खिडकीवर बसायची, तेव्हा ऑफिसात तिला ‘भोंगा’ म्हणत. काचेच्या एवढ्याशा भोकातून तिने “सुटे द्या!” म्हटलं की रांगेतला शेवटचा माणूससुद्धा खिसे चाचपायचा. पण घरी आली की हाच भोंगा गायचा. ऑफिसातला एक मीटर रीडर कविता करायचा आणि ही पोळ्या लाटता लाटता त्यांना चाली लावायची. निवृत्तीनंतर लेकीने मागे लागून त्यातली नऊ गाणी घरातच, लिफ्टवाल्यांच्या फोनवर, रेकॉर्ड करून घेतली. खिडक्यांना गाद्या लावल्या, पंखा बंद केला, घामाच्या धारा लागल्या. लेकीने ती गाण्यांच्या एका मोठ्या ॲपवर चढवली. ऐकणारे काही पोत्याने नव्हते, पण होते. ऑपरेशननंतर तर तेवढंच तिचं गाणं उरलं. घरी कुणी आलं की लिफ्टवाले चहाच्या आधी फोन पुढे करत.

आणि मागच्या आठवड्यात समोरच्या पार्लरवाल्या बाई आल्या.

“अय्या काकू, ही गाणी कॉम्प्युटरने बनवलीत होय? आणि मी वेडी, सगळ्यांना सांगत सुटले की तुम्ही गायलात म्हणून!”

खरंच, प्रत्येक गाण्याखाली करड्या अक्षरांत शेरा आला होता, ‘यंत्रनिर्मित संगीत’. बायकोने चष्मा लावून तो वाचला. मग ती आत गेली आणि घडी घातलेले कपडे उलगडून पुन्हा घड्या घालत बसली. लिफ्टवाल्यांनी ते पाहिलं आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्याला जी आग लागली ती विझायचं नाव घेत नव्हती.

लेकीला फोन लावला, तर ती म्हणाली, “बाबा, यंत्राच्या गाण्यांचा नुसता पूर आलाय. म्हणून त्यांनी ती ओळखायला एक यंत्र बसवलंय. ते चुकलं असणार.”

“म्हणजे तुझी आई यंत्र आहे, हे यंत्राने ठरवलं?”

“तसंच काहीतरी.”

“चोर सोडून संन्याशाला फाशी! खोटी गाणी करणारे मजेत, आणि ही बिचारी—”

“बाबा, एक सांगा. गाणी मला पाठवायच्या आधी तुम्ही त्यांचं काही केलं होतंत का?”

लिफ्टवाल्यांनी केलं होतं. आवाज साफ करायचं एक फुकट ॲप त्यांना सापडलं होतं. जन्मभर लिफ्टमधली खडखड शोधण्यात गेलेला माणूस तो, त्याला गाण्यातली खरखर कशी सोसावी? आधी त्यांनी रस्त्यावरची गाडी काढली. मग भांड्याचा आवाज काढला. मग हात शिवशिवायलाच लागले.

“आईचा श्वास पण काढलात?”

“मध्ये मध्ये हुस्स व्हायचं ते. आणि सूर जरा थरथरला की ते ॲप आपोआप सरळ करतं.”

“अहो, म्हणूनच! आणि मूळ फाइली?”

“फोनमध्ये जागा भरली होती.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बायको शेजारीच बसून सगळं ऐकत होती. तिने कपाळावर हात मारला, बस. पूर्वी असती तर चारही मजल्यांना कळलं असतं की लिफ्टवाल्यांनी काय दिवे लावलेत. एवढ्यावर सुटलो, असं त्यांना क्षणभर वाटलं. आणि मग वाटलं, नसतो सुटलो तर फार बरं झालं असतं.

तर आज ते तक्रार करायला बसले होते. चौथ्या खेपेला जिने बरोबर निघाले आणि पडद्यावर एक हसरा चेहरा उगवला.

‘नमस्कार! आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’

लिफ्टवाल्यांनी एका बोटाने टाइप केलं, ‘तुम्ही माणूस आहात का?’

‘मी आपली डिजिटल सहायक आहे.’

‘म्हणजे नाही.’

‘आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’

“दगडापुढे डोकं आपटलं तर निदान दगड गप्प तरी बसतो,” लिफ्टवाले म्हणाले. तरी त्यांनी नेटाने सगळं लिहिलं. गादी, पंखा, साफ करायचं ॲप, सगळं. उत्तर आलं, ‘शेरा काढण्यासाठी गायिकेने कॅमेऱ्यासमोर तीस सेकंद थेट गाऊन दाखवावे. आवाज जुळल्यास शेरा काढण्यात येईल.’

त्यांनी लिहिलं, ‘तिचं गळ्याचं ऑपरेशन झालं आहे. ती आता गाऊ शकत नाही.’

‘हे ऐकून वाईट वाटले. गायिकेने कॅमेऱ्यासमोर तीस सेकंद थेट गाऊन दाखवावे.’

लिफ्टवाल्यांनी ॲप बंद केलं. “बस्स! ह्यांच्या दारात पुन्हा उभं राहायचं नाही. आपण सगळी गाणी तिकडे हलवू.”

‘तिकडे’ म्हणजे गाण्यांच्याच दुसऱ्या एका फुकट्या ॲपवर. तो तोडगाही लेकीनेच सुचवला होता. तिथे कसला शेरा नाही, तपासणी नाही, काय हवं ते चढवा. कालपासून लिफ्टवाले ते ऐकून पाहत होते. तिथली एक गायिका वर्षभरात हजारावर गाणी गायली होती. हिला कधी सर्दी होत नाही, कुणाच्या लग्नकार्याला जावं लागत नाही, दूध उतू जात नाही? फोटोत मात्र केस कसे आत्ताच विंचरलेले. सगळ्यात संतापाची गोष्ट म्हणजे तिचं एक गाणं त्यांना आवडलं होतं. दाढी करताना ते गुणगुणत होते, आणि कोणाचं ते आठवल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला होता. हे अर्थात त्यांनी बायकोला सांगितलं नव्हतं.

“तिकडे नको,” बायको म्हणाली.

“का नको? ना शेरा, ना कटकट.”

“तिथे कुणी विचारतच नाही,” ती थांबली, हवा घेतली, “गातंय कोण ते. मग मी असले काय, नसले काय.”

“अगं, पण इथे तर तुला नाहीच म्हणतायत!”

“म्हणू देत. विचारतायत तरी.” ती उठली. “गाते मी.”

“वेड लागलंय का तुला? डॉक्टरांनी गळ्याला ताण द्यायचा नाही म्हणून बजावलंय!”

“तीसच सेकंद.”

“काही नको! ह्या टिकोजीरावांसमोर तू परीक्षा द्यायची? ह्यांनी तुला पास-नापास करायचं?”

पण ती आरशासमोर गेलीसुद्धा होती. तिने केस नीट केले, चष्मा काढला, पुन्हा लावला. ऑपरेशनला दीड वर्ष झालं होतं. एवढ्या दिवसांत ती न्हाणीघरातसुद्धा कधी गुणगुणली नव्हती. लिफ्टवाल्यांना भीती वाटली. ॲपची नव्हे. आता तिच्या गळ्यातून जे निघेल, ते तिलाही ऐकू येणार होतं, त्याची.

त्यांनी फोन धरला. पडद्यावरच्या गोलात तिचा चेहरा बसवून झाला. उजेड कमी आहे, असं ॲप म्हणालं. मग त्यांनी तिला खिडकीपाशी खुर्चीवर बसवलं. चेहरा स्थिर ठेवा, म्हणालं. “अरे, ती स्थिरच आहे, माझा हात कापतोय!” लिफ्टवाले खेकसले. शेवटी खाली एक लाल रेघ सरकायला लागली.

“दिवा मालवून गेलास, उजेड इथेच विसरलास...”

निम्मा आवाज, निम्मी हवा. ‘मालवून’वर आवाज फाटला, ‘उजेड’ जवळजवळ आलाच नाही. पण सूर त्याच्या जागी होता. आवाज जेमतेम तिथवर पोचत होता, पण कुठे जायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं. ध्रुवपद पुन्हा घ्यायला तिने तोंड उघडलं आणि रेघ संपली.

‘धन्यवाद! तपासणी सुरू आहे.’

एक चाक गरगर फिरलं. दोघंही त्याच्याकडे पाहत राहिले.

‘आवाज जुळत नाही. शेरा कायम ठेवण्यात येत आहे. आमची सेवा आपल्याला कशी वाटली? तारे द्या.’

“तारे देऊ? तारे?” लिफ्टवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “थांब, दाखवतोच तुला तारे! अरे, गळा कापून घेतलाय तिने, आणि तू म्हणतोस जुळत नाही? तिचाच आवाज, आणि तिच्याशीच जुळत नाही? मी ह्यांच्या ऑफिसात जाऊन बसतो! लेकीला फोन लाव. नाही, मीच लावतो. कुठे गेला तिचा नंबर? एवढा पोरखेळ—”

“अहो.”

“अहो काय? तू मध्ये पडू नकोस! डॉक्टरांची चिठ्ठी जोडू, ऑपरेशनचे कागद जोडू, तो मीटर रीडर अजून आहे, त्याला उभा करू—”

“थांबा हो जरा,” ती म्हणाली. ती अजून तशीच खिडकीपाशी बसली होती, पाठ ताठ, हात मांडीवर. “अंतरा राहिलाय.”

लिफ्टवाल्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

तिने अंतरा घेतला. तो वरच्या पट्टीत होता. पहिल्या ओळीला आवाज तिथवर गेला नाही, मध्येच विरला. ती थांबली, पाण्याचा घोट घेतला आणि तीच ओळ पुन्हा खालून घेतली.