पिंपळीचा अंदाज

माझं काम कॉम्प्युटरात मळा लावायचं. आईला हे समजावता समजावता मी थकले, म्हणून शेवटी तिला एवढंच सांगितलं की खरी पिंपळी तुमी लावता, खोटी मी लावते. त्या खोट्या पिंपळीला पुढच्या वर्षांचं ऊन द्यायचं, पाऊस द्यायचा आणि ती जगते की जळते ते पाहायचं. आई म्हणाली, "पगार तं खरा देतेत ना?"

मी अमरावतीला असते. आईबाबा हिवरखेडला, पानपिंपळीच्या मळ्यात. शेवरीच्या झाडांवर चढणारा हा वेल, त्याची फळं वाळवून औषधवाल्यांकडे जातात. त्याला सावली पाहिजे, गारवा पाहिजे, आणि आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे जीव घेणारा. मागचे दोन-तीन उन्हाळे मळे जळाले तसे अर्ध्या गावानं वेल उपटून केळी लावली. बाबा तेवढे अडून बसले. शेजारचे खुशालराव आमचं खालचं वावर केळीसाठी मक्त्यानं, वर्षाचे पैसे ठरवून, मागत होते, त्यांनाही बाबांनी टांगून ठेवलं. "आमच्या गीताचं मशीन काय म्हन्ते ते पाहू, मंग सांगतो."

मशीन कसलं डोंबलाचं. चार गावच्या मळ्यांत आम्ही तापमान मोजायच्या डब्या टांगल्या होत्या, त्यातली एक बाबांच्या मळ्यात. भर उन्हाळ्यात शेवरीखाली किती गारवा राहतो ते डब्या सांगणार, आणि त्यावरून आमचं मॉडेल पुढचं सांगणार. जूनच्या तोंडावर उत्तर आलं. बाकी गावांत वेल टिकत नव्हता, हिवरखेडला मात्र आरामात टिकत होता. मी लगेच फोन केला. बाबा 'बरं' एवढंच म्हणाले, पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी खुशालरावांना नाही सांगितलं. खालच्या वावरात शेवरी उभीच होती, तिच्याखाली नवे वेल लावून टाकले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

जुलैत आमच्या सरांनी आकडे पाहिले आणि म्हणाले, "हिवरखेडच एवढं थंड कसं? चिखलदरा आहे का ते?" मला राग आला, पण तोही अर्धवटच. आजकाल धड रागवायचीसुद्धा ताकद उरत नाही. रविवारी एसटीनं अकोट, तिथून हिवरखेड. मळ्यात शिरताना बांधावर चपला काढल्या, आत गेले, तर डबीला गोणपाट गुंडाळलेलं. सुतळीनं नीट बांधलेलं, त्यावर शेवाळ धरलेलं.

"आई, हे काय आहे?"

"चैतातच बांधलं," आई म्हणाली. "कोवळ्या वेलाले बांधतो तसं. उन्हात तपून राहिली होती बिचारी. वेलाले पानी देल्यावर तिच्यावरही रोज एक लोटा टाकत होती मी."

"काहून पण?"

"तुही वस्तू हाय. जळली असती तं?"

सगळा उन्हाळा डबी ओल्या गोणपाटात गार बसली होती, आणि माझं मॉडेल समजत होतं की मळाच तेवढा गार आहे.

मी खोपडीतल्या बाजेवर बसून लॅपटॉप उघडला. आमच्या डबीचे आकडे काढून टाकले, अकोटकडच्या मळ्यातले घातले आणि मॉडेल पुन्हा चालवलं. खोटी पिंपळी जळायला लागली. काही चुकलं का म्हणून परत तपासलं, परत चालवलं. परत जळाली. जुने वेल अजून काही उन्हाळे काढतील असं दिसत होतं. नवे तर पहिल्याच कडक उन्हाळ्यात जाणार होते.

संध्याकाळी बाबा चहाला आले तेव्हा सगळं सांगितलं. आईनं कप खाली ठेवला.

"म्हंजे माह्या पान्यानं झालं हे?"

"नाही गं. तुझ्या पाण्यानं काही झालं नाही. ऊनच तेवढं आहे."

"मंग ते गोनपाट नको सोडू ना," ती म्हणाली. "बांधलेलं राहू दे. मी टाकत जाईन पानी."

मला रडू आलं. तिच्यासमोरच आलं, लपवलं नाही.

बाबांनी विचारलं, "पक्कं हाय का हे?"

"पक्कं काहीच नसतं, बाबा. अंदाज आहे. चुकूही शकतो."

"मांगचाही चुकू शकत होता. तवा नाही बोलली तू."

"नाही बोलले."

बाबांनी चहा बशीत ओतला. मग स्वतःच म्हणाले, "खुशालराव अजून वावर पाहून राहिले. त्यायले दुसरं भेटलं का आपलं गेलं. मंग वेलही नाही अन् मक्ताही नाही." चहा तसाच ठेवून ते उठले. "चाल."

आम्ही खालच्या वावरात गेलो. नवे वेल शेवरीला धरून हातभर चढले होते, पानं कोवळी, लकलकीत. बाबा बांधावरच थांबले.

"तुह्या सांगन्यावर लावले. आता काढाले तूच सुरू कर. माह्यानं नाही होनार."

राहू द्या, एक उन्हाळा पाहू, असं अगदी ओठावर आलं होतं. पण वाकून पहिला वेल बुडाशी धरला आणि ओढला. मुळांनी चांगली माती धरली होती, येईना. मी जोर लावला.

"हळू," बाबा मागून म्हणाले. "लागन त्याले."